व्होल्श्टिन: वेळापत्रकात वाफ उरलेले गाव

दूरचा सिग्नल

पोलंडच्या पश्चिम भागात, पोझ्नान शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, दोन तळ्यांच्या मध्ये व्होल्श्टिन नावाचे गाव आहे. लोकसंख्या १३,०००च्या आसपास. एक बाजारचौक, चर्च, तळ्याकाठी एक जुना वाडा आणि गावाच्या एका अंगाला रेल्वे स्थानक, एवढाच पसारा. त्या मुलुखात अशी गावे पावलोपावली आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी वाट वाकडी करत नाही. व्होल्श्टिनला मात्र परदेशातूनही माणसे मुद्दाम येतात, कारण वाफेचे इंजिन नेहमीच्या वेळापत्रकात, नेहमीच्या तिकिटात, रोजच्या उतारूंची गाडी ओढते असे रुंद रुळांवरचे ठिकाण युरोपात जवळपास एवढेच उरले. (‘रुंद’ हा शब्द मी अरुंद डोंगरी गाड्या वगळण्यासाठी वापरला आहे, तिथले रूळ आपल्या ब्रॉडगेजपेक्षा कमी रुंदीचे, १,४३५ मिलिमीटरचे आहेत.)

मी नोकरीनिमित्त बर्लिनला राहतो आणि या गावी दोनदा गेलो आहे. पहिल्यांदा २०१२च्या शरद ऋतूत गेलो, तेव्हा व्होल्श्टिन ते पोझ्नान अशी वाफेची गाडी रोज धावत असे. पहाटेच्या अंधारात फलाटावर उभा होतो. इंजिनाच्या खोलीत भट्टीच्या दाराच्या वरच्या फळीवर तेलाची बुधली गरम व्हायला ठेवली होती आणि फायरमन हातातल्या चिंधीने एकच नळ पुन्हा पुन्हा पुसत होता. डब्यात माझ्यासमोर एक बाई विणकाम घेऊन बसल्या. गाडी हलण्यापूर्वी त्यांनी उठून एका बाजूची खिडकी लावली आणि दुसऱ्या बाजूची तशीच उघडी ठेवली. पहिल्या वळणावर कोळशाची कणी नेमकी लावलेल्या काचेवर टिपटिप वाजू लागली, तेव्हा त्यांनी ते का केले हे मला कळले. हौशी प्रवाशांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. आम्ही सगळे कॅमेरे घेऊन चुकीच्या खिडकीशी होतो आणि पोझ्नानपर्यंत डोळे चोळत होतो.

हे गाव असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७९३ साली पोलंडची दुसरी फाळणी झाली आणि हा प्रदेश प्रशियाकडे गेला. मधली काही वर्षे नेपोलियनच्या कृपेने वॉर्सा संस्थानात गेली, पण १८१५नंतर पुन्हा प्रशिया आला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत राहिला. गावाचे जर्मन नाव वोलश्टाइन. प्रशियाने या भागात रेल्वेचे जाळे फार दाट विणले. धान्य, बीट, लाकूड बाहेर काढायचे आणि लागेल तेव्हा सैन्य पूर्वेच्या सरहद्दीकडे ढकलायचे, असा त्यात दुहेरी हिशेब होता. आजही पोलंडच्या रेल्वेचा नकाशा पाहिला, तर प्रशियाचा भाग कुठे संपत होता आणि रशियाचा कुठे सुरू होत होता, हे इतिहासाचे पुस्तक न उघडता रुळांच्या दाटीवरून सांगता येते.

व्होल्श्टिनला पहिली गाडी १८८६ साली ज्बोंशिनहून आली. ज्बोंशिनवरून बर्लिन-पोझ्नान हा मोठा मार्ग आधीच जात होता, त्यामुळे व्होल्श्टिन हा सुरुवातीला नुसता फाटा होता. दहा वर्षांनी, १८९६ साली, तोच फाटा पुढे लेश्नोपर्यंत गेला. १९०५च्या सुमारास एकीकडे ग्रोजिस्कमार्गे पोझ्नानची आणि दुसरीकडे सुलेहुव्हची वाट उघडली, नैर्ऋत्येकडे आणखी एक फाटा निघाला, आणि वीस वर्षांत एका फाट्याचे पाच दिशांचे जंक्शन झाले. पाच दिशांची इंजिने रात्री कुठेतरी झोपली पाहिजेत; म्हणून १९०७ साली लोकोशेड बांधली गेली. पोलिश भाषेत तिला ‘पारोवोझोव्न्या’ म्हणतात. ‘पारा’ म्हणजे वाफ आणि ‘वुझ’ म्हणजे गाडा, म्हणून इंजिन ते ‘पारोवुझ’, सरळ वाफगाडा, आणि त्याचे घर ते पारोवोझोव्न्या. लाल विटांची, अर्धवर्तुळात मांडलेल्या आठ खणांची ही इमारत आहे आणि तिच्यासमोर इंजिन गोल फिरवणारे टर्नटेबल आहे. शेजारी पाण्याची टाकी, कोळशाचे ढीग आणि राख पाडण्याचा खड्डा. यांतले काहीही शोभेसाठी मांडलेले नाही, आणि पाहणाऱ्याला ते पहिल्या पाच मिनिटांत जाणवते, कारण बूट काळे होतात.

गावाच्या रेल्वेचे पुढचे नशीब सरहद्दींनी ठरवले. २७ डिसेंबर १९१८ रोजी पोझ्नानमध्ये जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि ५ जानेवारी १९१९ रोजी उठावकऱ्यांनी व्होल्श्टिन घेतले. व्हर्सायच्या तहानंतर गाव पोलंडचे झाले, पण नवी सरहद्द इतकी जवळून गेली की सुलेहुव्ह आणि नैर्ऋत्येकडचा मुलूख जर्मनीतच राहिला. पाचपैकी दोन दिशांच्या पुढे परका देश आला. जंक्शन म्हणून ज्याचा जन्म झाला, त्या गावाचे पुन्हा टोकाचे ठिकाण झाले. १९३९ साली जर्मन सैन्य परतले, १९४५ साली लाल सेना आली, सरहद्द पश्चिमेला ओडर नदीपर्यंत सरकली आणि पाचही वाटा पुन्हा एका देशात आल्या. पण तोवर माल आणि माणसे मोठ्या मार्गांवरून जायला शिकली होती.

माझ्या मते व्होल्श्टिनची वाफ टिकली ती याच आडबाजूपणामुळे. पोलंडकडे स्वतःचा कोळसा मुबलक होता, तेल बाहेरून आणावे लागे. त्यामुळे तिथे वाफ पश्चिम युरोपापेक्षा बरीच उशिरा मागे पडली. मोठ्या मार्गांवर विजेच्या तारा आल्या, मधल्या मार्गांवर डिझेल आले, आणि जिथे कोणालाच घाई नव्हती तिथे वाफेची इंजिने उरली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिश रेल्वेने बाकी देशातली रोजची वाफ थांबवली, तेव्हा व्होल्श्टिनची शेड मोडीत काढायचे कोणाच्या मनात आले नाही, आणि मनात येईपर्यंत परदेशी माणसे पैसे घेऊन दारात उभी होती. वारसा जपण्याची दूरदृष्टी वगैरे शब्द तिथल्या पत्रकांत वाचायला मिळतात. ती नंतर आली. आधी होती ती निव्वळ दिरंगाई, आणि माझा तिच्यावर काही आक्षेप नाही.

दुसऱ्यांदा गेलो तो २०१८ साली. त्या भेटीबद्दल आणि शेजारच्या ज्बोंशिनबद्दल प्रतिसादांत लिहितो, कारण हा लेख आधीच लांबला आहे.

भुसावळकर

लेख आवडला. माझे वडील वाफेच्या काळातले फायरमन, त्यामुळे बुधली फळीवर गरम करायची तऱ्हा वाचून घरचीच आठवण झाली. जाड तेल थंड असले की ते सांध्यांत उतरत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात तो प्रश्न कधी आलाच नसेल, पण पहाटेच्या ड्यूटीला वडीलही असेच करत, असे आई सांगते.

दोन प्रश्न आहेत. पहिला, त्या शेडमध्ये कोणत्या जातीची इंजिने आहेत? दुसरा, आपल्या डब्ल्यूपी जातीची, म्हणजे पुढे गोळीसारखे नाक असलेली, काही इंजिने पोलंडमध्ये बनली होती असे वडील म्हणत. त्यांचा या गावाशी संबंध होता का?

दूरचा सिग्नल

भुसावळकर, वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. डब्ल्यूपी इंजिने अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रिया आणि पोलंड अशा वेगवेगळ्या देशांतून आली आणि शेवटी चित्तरंजनला बनू लागली. पोलंडमधली ३० इंजिने १९५९च्या सुमारास फाब्लोक या कारखान्यातून आली. तो कारखाना मात्र व्होल्श्टिनचा नसून देशाच्या दक्षिणेकडच्या ख्शानुव्ह गावचा. व्होल्श्टिनमध्ये इंजिने कधीच बनली नाहीत. तिथे ती राहिली आणि चालली. तरी त्या शेडमधली नावाजलेली इंजिने बहुतेक फाब्लोकचीच आहेत, तेव्हा तुमच्या वडिलांनी ज्यात कोळसा टाकला असेल त्या इंजिनाचा एखादा सख्खा भाऊ तिथे उभा आहे असे म्हणायला हरकत नाही.

जातींबद्दल सांगायचे तर पोलिश इंजिनांची नावे वाचायला एकदा शिकले की शेडमध्ये फिरण्याची मजा दुप्पट होते. आपल्याकडे डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर. तिकडे पहिले अक्षर काम सांगते. ओ म्हणजे साधी प्रवासी गाडी, पी म्हणजे जलद गाडी, टी म्हणजे मालगाडी. दुसरे, लहान लिपीतले अक्षर चाकांची मांडणी सांगते. त्यानंतरचा आकडा मोठा असेल तर ते पोलिश आराखड्याचे साल असते. दहापर्यंतचा असेल तर इंजिन मूळचे जर्मन आणि अकरा ते एकोणीस असेल तर ऑस्ट्रियन. म्हणजे ‘ओएल ४९-६९’ याचा अर्थ असा, की साध्या प्रवासी गाडीचे, पुढे एक, मध्ये तीन आणि मागे एक असे आस असलेले, १९४९च्या आराखड्याचे ६९वे इंजिन. तीन फाळण्या आणि दोन महायुद्धे यांतून कोणाची इंजिने कोणाच्या वाट्याला आली, याचा हिशेब त्या एका आकड्यात राहतो. एरवी रेल्वेच्या क्रमांकांत एवढा इतिहास मी कुठे पाहिलेला नाही.

ओएल ४९ हेच गावाचे खरे कामकरी इंजिन. १९५१ ते १९५४ या काळात ते बनले आणि ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पीटी ४७ हे त्याहून दांडगे, लांबच्या जलद गाड्यांसाठी बनवलेले. आणि तिसरे, ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात, ते पीएम ३६-२, लाडके नाव ‘सुंदर हेलेना’. १९३७ साली या जातीची दोनच इंजिने बनली. पहिल्याला वारा कापणारे कवच होते आणि त्याला त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. युद्धात ते जर्मनांच्या हाती गेले आणि पुढे नष्ट झाले. बिनकवचाची धाकटी बहीण मात्र वाचली, संग्रहालयात राहिली आणि १९९५ साली तिच्यात पुन्हा वाफ भरली गेली. मला स्वतःला ती फारशी भावत नाही. ती देखणी आहे, पण पाहुणी वाटते; ओएल ४९ घरचे वाटते.

शंकासुर

सगळे छान आहे, पण कोणीतरी हिशेब मांडला पाहिजे. ज्या गाडीचे काम दोन डब्यांची डिझेल रेलबस एका ड्रायव्हरवर करते, तिथे ड्रायव्हर, फायरमन, शेडमधली माणसे, कोळसा, पाणी आणि काही वर्षांनी बॉयलरची पूर्ण दुरुस्ती हा खर्च कोण देतो? आणि रोजच्या उतारूंना ही गाडी हवी आहे का, की ते नाइलाजाने परदेशी हौशींच्या फोटोंत उभे राहतात? आपण लिहिलेल्या विणकाम करणाऱ्या बाईंना कोणी विचारले होते का?

दूरचा सिग्नल

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, आणि २०१४ साली तो प्रत्यक्षातच विचारला गेला. इंजिने मालवाहतूक करणाऱ्या कंपनीच्या मालकीची, गाड्या चालवणारी कंपनी प्रांताची, आणि वाफेचा जादा खर्च कोणी सोसायचा यावर एकमत नाही. परिणामी ३१ मार्च २०१४ रोजी रोजची वाफ थांबली. गावात रेल्वे येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती. तीन वर्षे शेडमध्ये जत्रा भरत राहिली, पण वेळापत्रकात वाफ नव्हती.

मग तोडगा असा निघाला, की प्रांत, तालुका, नगरपालिका आणि इंजिनांची मालक कंपनी यांनी मिळून शेडची एक सांस्कृतिक संस्था केली, म्हणजे नाट्यगृहाला किंवा वाचनालयाला जसे अनुदान मिळते तसे लोकोशेडला मिळू लागले. मे २०१७मध्ये व्होल्श्टिन-लेश्नो मार्गावर आठवड्याच्या कामाच्या दिवसांत आणि शनिवारी पोझ्नानकडे वाफेची गाडी पुन्हा सुरू झाली. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की खर्च करदाते देतात आणि तो उघडपणे संस्कृतीच्या खात्यावर मांडतात. वाहतुकीच्या खात्यावर तो मांडला असता, तर मी तुमच्या बाजूला उभा राहिलो असतो.

त्याआधीची वीसेक वर्षे मात्र खर्चाचा एक वाटा इंग्रजांनी उचलला, आणि ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९७ साली हॉवर्ड जोन्स या इंग्रज गृहस्थांनी पोलिश रेल्वेशी करार करून एक योजना काढली. इंग्लंडहून हौशी माणसे आठवडाभरासाठी येत, गावात राहत, आणि पैसे भरून इंजिन चालवायला शिकत. रिकाम्या यार्डात नव्हे, तर उतारूंनी भरलेल्या खऱ्या गाडीवर, पोलिश ड्रायव्हर पाठीशी उभा असताना. म्हणजे सकाळी कामाला निघालेल्या माणसाची गाडी एखादा निवृत्त बँक अधिकारी किंवा शाळामास्तर हाकत असे. पोलिशमध्ये फायरमनला ‘पालाच’ म्हणतात आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यालाही तोच शब्द आहे. या पाहुण्यांमध्ये दोन्ही अर्थांचे पालाच भरपूर होते असे शेडमधला एक म्हातारा मला मिस्कीलपणे म्हणाला.

विणकाम करणाऱ्या बाईंना मी विचारले नाही, कारण माझे पोलिश तेवढे चांगले नव्हते. पण त्यांचे लक्ष खिडकीपलीकडे इंजिनाकडे एकदाही गेले नाही, हे मी पाहिले.

पोझ्नानचा पाहुणा

मी तीन वर्षे पोझ्नानला शिकायला होतो, म्हणून थोडी भर घालतो आणि थोडी तक्रारही.

एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्याच्या सुरुवातीला व्होल्श्टिनमध्ये इंजिनांची मिरवणूक असते. स्वतःची आणि पाहुणी अशी इंजिने एकामागून एक रुळांवरून जातात, कधी दोन-तीन शेजारच्या रुळांवरून एकाच वेळी धावतात. गावात त्या दिवशी उभे राहायला जागा मिळत नाही, आणि आकाश असे होते की कपडे वाळत घालायची सोय नाही. मला ती गर्दी आवडली नाही. धागाकर्त्यांनी लिहिले तसे हे गाव कामाच्या दिवशी बघावे, म्हणजे शाळकरी पोरे कानात बोंडे घालून वाफेच्या गाडीत झोपलेली दिसतात.

तक्रार अशी, की वेळापत्रकात इंजिनाचे चिन्ह पाहून मी एका शनिवारी घरच्यांना घेऊन गेलो, आणि फलाटावर डिझेलची रेलबस येऊन उभी राहिली. सूचना कुठेही नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी खांदे उडवले आणि ‘बॉयलर’ हा एकच शब्द उच्चारला. गाडी कोणाची होती हे लिहीत नाही, कारण चूक नेमकी कोणाची हे मला आजही सांगता येणार नाही. माझी आई मात्र दिवसभर त्या रेलबसच्या मऊ गाद्यांचे कौतुक करत होती.

शंकासुर

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा.

सूक्ष्मदर्शक

धाग्यात गावाचे सर्वांत प्रसिद्ध रहिवासी अजून आले नाहीत याचे आश्चर्य वाटते. रॉबर्ट कॉख १८७२ ते १८८० या काळात व्होल्श्टिनला सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. त्यांनी काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जंतूचा पूर्ण जीवनक्रम याच गावी राहत्या घरात शोधून काढला. रुग्ण तपासण्याची खोली पडदा लावून दोन भागांत विभागली होती. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शक. जंतू वाढवायला बैलाच्या डोळ्यातले पाणी आणि उंदरांना टोचायला लाकडाच्या बारीक ढलप्या, एवढ्या सामग्रीवर त्यांनी दाखवले की हा जंतू प्रतिकूल काळात बीजाणू होऊन मातीत टिकून राहतो. १८७६ साली ते हे सर्व घेऊन ब्रेस्लाउला, म्हणजे आजच्या व्रोत्सुआफला, फर्डिनंड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञांपुढे गेले, आणि खेड्यातल्या डॉक्टरचे नाव युरोपभर झाले. ते घर आज संग्रहालय आहे.

आपल्याशी त्यांचा दुवा दुहेरी आहे. १८८४ साली कलकत्त्यात त्यांनी पटकीच्या जंतूवरचे काम पुरे केले हे पाठ्यपुस्तकांत असते. १८९७ साली प्लेगच्या साथीत जर्मन आयोगासोबत ते मुंबईतही होते, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. या गावाला रेल्वेचे गाव म्हणताना माझी एक शंका आहे: कॉख यांच्या वेळी तिथे रेल्वे होती का?

दूरचा सिग्नल

नव्हती. आणि तुमच्या प्रश्नामुळे मी कधी न जुळवलेल्या दोन तारखा शेजारी आल्या. कॉख १८८० साली बर्लिनला गेले आणि पहिली गाडी १८८६ साली आली. ब्रेस्लाउला आपली सामग्री घेऊन जाताना त्यांना आधी घोडागाडीने एखादे स्थानक गाठावे लागले असणार. व्होल्श्टिनला येण्यापूर्वी ते काही काळ राकोन्येवित्से या छोट्या गावी होते. आज पोझ्नानहून येणारी गाडी तिथे थांबते. म्हणजे या मार्गावर प्रवास करताना कॉख यांची दोन गावे एकामागून एक लागतात, जिथे राहत असताना त्यांनी स्वतः कधी रूळ पाहिले नाहीत.

रॉन्स्कियनग्रस्त

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी ज्यांनी आयुष्यात कधीतरी ‘रॉन्स्कियन काढा’ हा प्रश्न सोडवला, त्या सर्वांतर्फे हा प्रतिसाद आहे. रॉन्स्कियन हा गणितातला एक निश्चयक (डिटर्मिनंट), आणि त्या निश्चयकाला ज्यांचे नाव आहे ते युझेफ होएने-व्रोन्स्की १७७६ साली याच व्होल्श्टिन गावी जन्मले. पोलिश सेनानी कोशचुश्को यांच्या १७९४च्या उठावात ते तोफखान्यात होते, नंतर आयुष्य फ्रान्समध्ये गेले, आणि १८५३ साली तिथेच वारले. हयातीत त्यांच्या गणिताची फारशी कदर झाली नाही. १८८२ साली थॉमस म्यूर यांनी त्या निश्चयकाला त्यांचे नाव दिले.

पण या धाग्यात त्यांना आणण्याचे कारण वेगळे आहे. १८३०च्या दशकात या गृहस्थांना असे वाटू लागले, की लोखंडी रूळ जमिनीवर पसरणे हा मूर्खपणा असून रूळ गाडीनेच आपल्याबरोबर घेऊन चालले पाहिजेत. त्यांनी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांचे आराखडे केले, म्हणजे आज रणगाडा किंवा बुलडोझर चालतो तशा. हेतू सरळ होता, रेल्वेला पर्याय द्यायचा. गाड्या कधी बनल्या नाहीत. ज्या गावाने रेल्वेवर आपले नाव कमावले, त्याच गावच्या पोराने रेल्वे बंद पाडायचा घाट घातला होता, हे मला त्या निश्चयकापेक्षा लवकर समजले आणि जास्त काळ लक्षात राहिले.

पंचगंगा

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. ती माणसे या भागातून आलेली होती का? आमच्या आजोबांनी ती छावणी पाहिली होती, म्हणून विचारते.

दूरचा सिग्नल

पंचगंगाताई, नव्हती. वळिवड्याला आलेले लोक मुख्यतः पोलंडच्या पूर्व टोकाचे, जो भाग १९३९ साली सोव्हिएत संघाने घेतला तिथले होते. त्यांना मालडब्यांत भरून सायबेरिया आणि मध्य आशियाकडे नेले गेले आणि तिथून इराणमार्गे ते भारतात पोहोचले. व्होल्श्टिन पश्चिमेला, जर्मनांच्या वाट्याला आले. इथल्याही अनेक पोलिश कुटुंबांना घराबाहेर काढून गाड्यांत बसवले गेले, पण ते मध्य पोलंडच्या जर्मन ताब्यातल्या मुलुखाकडे. दोन्हीकडे साधन तेच होते. मार्तिन रोझेक या शिल्पकाराचे घर व्होल्श्टिनमध्ये संग्रहालय म्हणून जपले आहे. ते १९४४ साली आउश्वित्सच्या छावणीत वारले.

आणि शेजारच्या ज्बोंशिनबद्दल लिहायचे कबूल केले होते, ते इथेच लिहितो. व्होल्श्टिनची पहिली गाडी जिथून निघाली ते ज्बोंशिन व्हर्सायनंतर पोलंडला मिळाले आणि बर्लिन-वॉर्सा मार्गावरचे सरहद्दीचे स्थानक झाले. आपल्या बाजूला स्थानकच उरले नाही म्हणून जर्मनांनी काही किलोमीटर पश्चिमेला मोकळ्या माळावर नवे स्थानक, यार्ड आणि कर्मचाऱ्यांची आखीव वसाहत उभारली आणि तिला ‘नवे ज्बोंशिन’ असे नाव दिले. आज ते पोलंडमधले ज्बोंशिनेक. रेल्वेसाठी शून्यातून जन्मलेले गाव म्हणायचे तर ते हे. १९३८च्या ऑक्टोबर अखेरीस जर्मनीने सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना एका रात्रीत पकडून सरहद्दीकडे हाकलले. त्यांतले हजारो या स्थानकावर उतरवले गेले आणि रुळांच्या कडेने पोलंडच्या ज्बोंशिनकडे चालवले गेले. ते तबेल्यांत, बराकीत, मिळेल तिथे महिनोन्महिने राहिले. त्यांत हानोव्हरचे ग्रिनश्पान कुटुंब होते. मुलीने पॅरिसमधल्या भावाला एक पत्र टाकले, आणि ७ नोव्हेंबर रोजी त्या सतरा वर्षांच्या मुलाने तिथल्या जर्मन वकिलातीत एका अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. दोन दिवसांनी त्याचेच निमित्त करून जर्मनीभर सिनेगॉग जाळण्यात आले. व्होल्श्टिनपासून हे ठिकाण सुमारे २२ किलोमीटर आहे. वाफेच्या इंजिनाचे फोटो काढायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे उतरतात. मीही पहिल्या खेपेस उतरलो नव्हतो.

भुसावळकर

हे वाचल्यावर परत इंजिनाकडे वळणे जरा जड जाते, पण एक विचारायचे राहिले होते. २०१८ साली दुसऱ्यांदा गेलात तेव्हा काय बदललेले दिसले? आणि रात्री इंजिने थंड करतात की आच ठेवतात? आमच्याकडे शेडमध्ये रात्रपाळीचा माणूस असे.

दूरचा सिग्नल

दुसऱ्या खेपेस लेश्नोच्या गाडीने गेलो. वाटेत बोश्कोवोला तळे लागते, उन्हाळ्यात तिथे पोहणाऱ्यांची गर्दी उतरते, त्यापुढे व्वोशाकोवित्से. शेडच्या दाराशी तिकीटखिडकी आली होती, पाट्या नव्या होत्या, आणि फायरमन विशीतला होता. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटला. २०१२ साली मी पाहिलेले सगळे केस पिकलेले होते आणि त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न तिथे सगळे टाळत. बॉयलर पैशांनी दुरुस्त होतो. भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात किती कोळसा टाकायचा हे मात्र कोणीतरी शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते. त्या पोराच्या मागे एक म्हातारा उभा होता आणि पोराने फावडे उचलले की तो काही न बोलता बोटाने डावीकडे किंवा उजवीकडे दाखवत होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, आच ठेवतात. थंड बॉयलर वर आणायला अनेक तास लागतात आणि वारंवार थंड-गरम केल्याने त्याचे पत्रे व नळ्या लवकर खराब होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जायचे असेल तर भट्टीत कोळशाची जाड रास मागे सारून, वारा कमी करून ती रात्रभर धुमसत ठेवतात. संध्याकाळी मी निघालो तेव्हा रात्रपाळीचा माणूस सायकलवरून आला, डबा खुंटीला अडकवला, आणि आधी इंजिनाच्या पाण्याच्या काचेवर विजेरी मारून मगच त्याने कोट काढला.

भुसावळकर

वडीलही तसेच करत. आधी काच, मग कोट.